श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार

श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार हा आंतरजालावरील अभिव्यक्तिस्वातंत्र्यासंबंधीचा भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील महत्त्वाचा खटला आहे. २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

पार्श्वभूमी

२००८ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या या कलमानुसार संगणक वा मोबाइलद्वारे ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणे हा ३ वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा होता. मात्र या शब्दांची व्याख्या कायद्यात नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि त्या मजकुराला पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण यांना पालघर येथे अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल यांनी जनहित याचिका दाखल केली.

निकाल

न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत भेद केला. एखादे मत कितीही अप्रिय असले, तरी चिथावणीची पातळी गाठल्यावरच अनुच्छेद १९(२) नुसार त्यावर निर्बंध घालता येतो, असे निकालात म्हटले आहे. मजकूर रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारला देणारे कलम ६९अ मात्र वैध ठरले. कलम ७९ नुसार मध्यस्थ कंपन्यांवर न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळाल्यावरच मजकूर हटविण्याचे बंधन राहिले.

परिणाम

रद्द झालेल्या कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदविले जात राहिले. त्यामुळे १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे निर्देश दिले.