सात सत्तावन्नचा सैगल

खिशात फोन चाचपू नका, तो इथं नाही. साल १९६५, महिना डिसेंबर. देवळाली प्रवरेत रस्त्याकडेच्या हॉटेलात तुम्ही बाकड्यावर बसला आहात. समोरून उसाच्या बैलगाड्या राहुरी कारखान्याच्या वाटेनं चालल्या आहेत. चुलीवरचं दूध उतू जायच्या बेतात आहे, पण हॉटेलवाल्याचा जीव फळीवरच्या ट्रान्झिस्टरमध्ये अडकलाय. तो काटा केसभर हलवतो. शिट्टी, खरखर, भलत्याच भाषेतल्या बातम्या, पुन्हा खरखर. मग कोलंबो, म्हणजे रेडिओ सिलोन, लागतं.

तुम्ही कालच, म्हणजे इथून साठ वर्षं पुढच्या काल, गाडीतला एफएम वैतागून बंद केला होता. रोज तीच दहा गाणी! मग आता कान द्या, इथंही तेच आहे. सकाळी साडेसात ते आठ, रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी, आणि शेवटी सात सत्तावन्नला कुंदनलाल सैगल. रोज. सैगल जाऊन अठरा वर्षं उलटली आहेत. जानेवारी १९४७ मध्ये ते गेले. त्यांची ध्वनिमुद्रित गाणी दोनशेसुद्धा नाहीत. म्हणजे नवं येण्याची आशा शून्य, आणि आहेत ती सगळी वाजवली तरी वर्षात दोन फेऱ्या ठरलेल्या. लाडक्यांच्या जास्तच.

तरी कुणी काटा हलवत नाही. शाळेची पोरं सैगल लागला की दप्तर उचलतात. घड्याळ घरोघरी नाही, पण कोलंबोची वेळ आणि आपली वेळ एकच, त्यामुळे हा माणूस गातो तेव्हा आठाला तीन कमी, हे सगळ्या पेठेला ठाऊक. रडवं गाणं असलं तरी पोरं धावतच सुटतात.

सिलोनच का, असं विचारायची सोय नाही, वडीलधारी हसतील. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना सिनेमाचं गाणं हलकं वाटे. आकाशवाणीवर ते आटलं आणि सगळा देश समुद्रापलीकडचं स्टेशन लावू लागला. त्याच साली डिसेंबरात अमीन सायानींची गीतमाला तिथं सुरू झाली. आकाशवाणीला विविध भारती काढायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावा लागला. तोवर कान कोलंबोला सरावले होते. (केसकर मूळचे पुण्याचे, हे इथं मोठ्यानं बोलू नका.)

आता आवाज नीट ऐका. कोलंबो इथून सुमारे दीड हजार किलोमीटर. शॉर्टवेव्हची लहर वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली येते आणि तो थर सारखा हलत असतो. म्हणून गाणं लांबच्या शेतातल्या हाकेसारखं मोठं होतं, विरतं, परत येतं. एक अख्खी ओळ खरखरीत गडप होते. उद्या दुसरीच गडप होईल. एकदा ऐकून इथं कुणालाच गाणं पुरतं कळत नाही.

तुमच्या शेजारी एक कॉलेजकुमार वही उघडून बसलाय. पानावर ओळी, मधेमधे मोकळी जागा. आज १९४६ च्या ‘शाहजहान’मधलं लागलंय, नौशादचं, ते हृदय मोडल्याचं सुप्रसिद्ध गाणं. तो मागल्या खेपेची जागा शोधून पेन्सिल टेकवतो. गेल्या वेळी दुसऱ्या अंतऱ्यात एक शब्द गेला होता, त्याआधी दुसरा. फेरी आली की एखादी जागा भरते. तेच तेच गाणं त्याला अजून नवंच आहे, कारण ते त्याच्याकडं अजून पुरतं आलेलंच नाही.

आवाज चढतो. नेमका तो शब्द येतो आणि कारखान्याकडं जाणाऱ्या गाडीची घुंगरं वाजतात. गेला.

तुम्हाला तो शब्द येतो. कितीदा ऐकलंय, कंटाळून पुढं ढकललंय. न राहवून तुम्ही वहीकडं वाकता आणि सांगून टाकता.

पोरगा तुमच्याकडं बघतो. “पाव्हणं, तुम्ही ऐकला आत्ता?”

“आत्ता नाही. पण माहितीय.”

“मग नको,” तो पेन्सिल कानावर ठेवतो. “लागंल की परत.”

हॉटेलवाला आठच्या ठोक्याला आवाज बारीक करतो, सेल वाचवायला. तुमच्यासमोर कपबशी आदळतो आणि विचारतो, गाव कुठलं, आणि तुमच्याकडं कोलंबो साफ लागतं का.