शब्दांवाचूनची प्रार्थना : विनोबांचे मौन

१/ उरणचा द्रोणागिरी आणि पेण तालुक्यातील गागोदे हे गाव, दोन्ही आज एकाच रायगड जिल्ह्यात येतात. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्यात विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. विनोबा म्हटले की आपल्याला भूदान आठवते. हा धागा त्यांच्या प्रार्थनेविषयी आहे. नेमके सांगायचे तर त्या प्रार्थनेतील मौनाविषयी.

२/ गांधीजींच्या सायंप्रार्थनेत गीतेचे श्लोक, कुराणातील आयती आणि भजने एकापाठोपाठ एक म्हटली जात. हेतू उदात्त होता. तरीही १९४७ मध्ये दिल्लीत कुराणपठणाला श्रोत्यांतूनच आक्षेप आला आणि गांधीजींनी त्या दिवशी प्रार्थनाच थांबवली. शब्द आले की भाषा आली आणि भाषेपाठोपाठ ‘आमचे-तुमचे’ही आले.

३/ विनोबा शब्दांचे वैरी मुळीच नव्हते. ‘गीताई’ त्यांची, १९३२ मधील धुळे तुरुंगातील गीताप्रवचने त्यांची, कुराणातील निवडक वचनांचे संकलनही त्यांचेच. अशा माणसाने सामुदायिक प्रार्थनेत मौनाला मानाचे स्थान द्यावे, हे मला विशेष वाटते.

४/ १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला आणि पुढे वर्षानुवर्षे पदयात्रा चालली. प्रांत बदले, भाषा बदले, समोर बसलेल्यांचे देवही बदलत. अशा सभेत सर्वांनी मिळून काही मिनिटे शांत बसायचे. कोणी मनात राम म्हणावा, कोणी अल्ला, कोणी निराकाराचे चिंतन करावे. कोणाला आपले नाव सोडावे लागत नसे. दुसऱ्याचे उच्चारावेही लागत नसे. एकांतातील मौनसाधना आपल्याकडे प्राचीन आहे. समूहाची भक्ती मात्र बहुधा टाळ-मृदंगाची, गजराची. समूहाने निःशब्द बसून ईश्वराजवळ जाण्याची रीत सतराव्या शतकापासून इंग्लंडमधील क्वेकर पंथात आढळते. विनोबांच्या आत्मकथनपर लेखनाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या मार्जरी साइक्स याच पंथाच्या होत्या.

५/ हे मौन केवळ सोयीचे नव्हते. १९५५ मध्ये जगन्नाथपुरीच्या मंदिरात सोबतच्या फ्रेंच महिलेला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा विनोबा स्वतःही दर्शनाविना परतले. १९५८ मध्ये पंढरपुरात ते अन्यधर्मीय सहकाऱ्यांसह विठ्ठलासमोर उभे राहिले. ज्या देवासमोर सर्वांना जाता येत नाही, तिथे एकट्याने जाणे त्यांना मान्य नव्हते. मौन प्रार्थनेचे मूळ मी इथे पाहतो.

६/ मात्र याच मौनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २५ डिसेंबर १९७४ रोजी विनोबांनी पवनारला एक वर्षाचे मौन स्वीकारले. मधेच, जून १९७५ मध्ये, आणीबाणी आली. जयप्रकाश तुरुंगात गेले आणि पवनारहून बाहेर पडले ते दोनच शब्द : ‘अनुशासन पर्व’. महाभारतातील एका पर्वाचे हे नाव सरकारने प्रशस्तिपत्रासारखे मिरवले. टीकाकारांनी विनोबांना ‘सरकारी संत’ ठरवले.

७/ माझ्या मते ही टीका निराधार नव्हती. प्रार्थनेत प्रत्येकाने मौनात आपला अर्थ भरावा, हेच तर त्याचे बळ. सत्तेनेही तेच केले. तिला हवा तो अर्थ तिने भरला. वर्ष सरल्यावर, डिसेंबर १९७५ मध्ये, विनोबांनी मौन सोडले आणि खुलासा केला : सत्ताधीशांचे असते ते शासन, अनुशासन असते ते आचार्यांचे. तोवर ते दोन शब्द देशभरच्या सरकारी फलकांवर झळकून गेले होते.