इंग्रजी शब्दांची फोड : उपसर्ग आणि धातू

गोव्यातील मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण होऊन पाचवीत गेलेल्या मुलासमोर बहुधा पुस्तकाची भाषाच बदललेली असते. विज्ञान, गणित, भूगोल हे विषय इंग्रजीतून शिकावे लागतात आणि ‘इव्हॅपोरेशन’, ‘हेमिस्फिअर’, ‘फोटोसिंथेसिस’ असे शब्द एकामागून एक येऊ लागतात. घरोघरी यावर एकच उपाय योजला जातो : शब्द दहा वेळा लिहून पाठ करणे. पाठांतराला कमी लेखण्याचे कारण नाही. पण केवळ त्यावर विसंबणे म्हणजे स्वतःजवळचे साधन बाजूला ठेवण्यासारखे आहे. उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांची ओळख मराठी व्याकरणातून होतच असते. इंग्रजीतील शास्त्रीय आणि औपचारिक शब्दसंग्रहाचा मोठा भाग याच रीतीने घडलेला आहे.

‘फोटोसिंथेसिस’ हाच शब्द पाहू. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिन्’ म्हणजे एकत्र आणि ‘थेसिस’ म्हणजे ठेवणे, रचणे. तिन्ही तुकडे ग्रीक आहेत. मराठी प्रतिशब्द ‘प्रकाशसंश्लेषण’ त्याच क्रमाने बांधला आहे : प्रकाश, सम्, श्लेषण. ‘हेमिस्फिअर’ म्हणजे अर्धा गोल, अर्थात गोलार्ध. ‘मायक्रोस्कोप’ हा सूक्ष्मदर्शक, ‘थर्मामीटर’ हा तापमापक, ‘टेलिव्हिजन’ म्हणजे दूरदर्शन, ‘ऑटोबायोग्राफी’ म्हणजे आत्मचरित्र. आपली बरीचशी परिभाषा मूळ शब्दाचे तुकडे समोर ठेवून घडवली गेली. म्हणूनच तिच्यावरून उलट चालत गेले, की इंग्रजी शब्दाची घडण उलगडते. ‘जड’ म्हणून हिणवला जाणारा मराठी पारिभाषिक शब्द येथे चक्क किल्ली ठरतो. वरच्या शब्दांतील ‘मायक्रो’, ‘बायो’ आणि ‘स्कोप’ समजलेल्या मुलाला ‘मायक्रोबायॉलॉजी’ किंवा ‘स्टेथोस्कोप’ या शब्दाचा निम्मा अर्थ कोश न उघडता लागतो.

संस्कृत व्याकरण शिकवताना ‘हृ’ धातूचे उदाहरण हटकून दिले जाते. मूळ अर्थ नेणे, हरण करणे. पण उपसर्ग बदलताच प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे परस्परांपासून दूरचे शब्द तयार होतात. परंपरेने असे २२ उपसर्ग मानले जातात. लॅटिनमधील ‘फेरे’ या धातूची गत नेमकी अशीच आहे. अर्थ वाहणे, नेणे. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, म्हणून ‘ट्रान्सफर’ म्हणजे पलीकडे नेणे. सरकारी नोकरांच्या बदलीला हाच शब्द आहे. ‘रेफर’ म्हणजे मागे, मुळाकडे नेणे. ‘प्रिफर’ म्हणजे आधी, पुढे नेणे, त्यावरून पसंती देणे. ‘डिफर’ म्हणजे वेगवेगळ्या दिशांना नेणे, म्हणून भिन्न असणे. ‘पोर्ट’ या धातूचाही अर्थ वाहून नेणे असाच. ‘इम्पोर्ट’ आणि ‘एक्स्पोर्ट’ यांच्याशेजारी आपले ‘आयात’ आणि ‘निर्यात’ ठेवले, तर दोन्हीकडे एकच युक्ती दिसते : धातू तोच, उपसर्गाने दिशा फिरवलेली.

हे साम्य सगळेच योगायोगाचे नाही. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीसमोर केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. पुढील संशोधनाने ते पक्के केले. ‘फेरे’ आणि संस्कृत ‘भृ’ हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. ‘थेसिस’ आणि ‘धा’ यांचेही तसेच. ‘पेरिमीटर’ आणि ‘परिमिती’ हे शब्द तर तुकड्याला तुकडा जुळणारी भावंडे आहेत. ‘अंतर्’ आणि ‘इंटर’, ‘दंत’ आणि ‘डेंटिस्ट’मधील ‘डेंट’, ‘अस्थि’ आणि ‘ऑस्टिओ’, ‘हृद्’ आणि ‘कार्डिओ’ याच नात्यातले. यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. समाजमाध्यमांवर तो रोज काढला जातो आणि तो चुकीचा आहे. बहिणींना मायलेकी ठरवण्याचा हा प्रकार आहे.

संधीचे ज्ञानही येथे उपयोगी पडते. उत् आणि लेख मिळून ‘उल्लेख’ होतो, सत् आणि जन मिळून ‘सज्जन’. पुढच्या वर्णाच्या ओढीने मागचा वर्ण बदलतो. लॅटिनमधील नकारार्थी ‘इन्’ असाच बदलतो. ‘लीगल’पूर्वी तो ‘इल्’ होतो, ‘पॉसिबल’पूर्वी ‘इम्’, ‘रेग्युलर’पूर्वी ‘इर्’. ‘इल्लीगल’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘एल’ का, याचे उत्तर हेच : एक उपसर्गाचा, एक मूळ शब्दाचा. पर्यटन व्यवसायातील फलकांवर हमखास चुकणारा ‘अकॉमोडेशन’ हा शब्दही असाच सोडवता येतो. ‘अ‍ॅड’, ‘कॉम’ आणि माप या अर्थाचा ‘मोडस’ हे त्याचे तुकडे. ‘अ‍ॅड’मधील ‘डी’ पुढच्या ‘सी’मध्ये विरघळतो, म्हणून दोन ‘सी’. ‘कॉम’चा एक ‘एम’ आणि ‘मोडस’चा एक, म्हणून दोन ‘एम’. ‘डिसअपिअर’मध्ये ‘एस’ एक आणि ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये दोन, यामागेही हाच हिशेब आहे.

नकाराचे उपसर्ग इंग्रजीत अनेक आहेत, कारण त्या भाषेचे थर अनेक आहेत. तळाशी जर्मानिक भाषाकुलातील जुनी इंग्रजी, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तिच्यावर फ्रेंचचा थर, पुढे विद्वानांनी आणलेले लॅटिन आणि ग्रीक शब्द. आपल्याकडे ‘अन्याय’ संस्कृतातून आला, तर ‘बेकायदा’ आणि ‘गैरहजर’ यांतील उपसर्ग फारसी-अरबीतून; तसेच हे आहे. ‘अन्’ हा इंग्रजीचा घरचा उपसर्ग आणि ‘इन्’ हा लॅटिनचा. त्यामुळे ‘अनेबल’ पण ‘इनॅबिलिटी’, ‘अनइक्वल’ पण ‘इनइक्वॉलिटी’, ‘अनजस्ट’ पण ‘इनजस्टिस’ अशा जोड्या दिसतात. येथे पक्का नियम सांगता येत नाही. वाचनाने कान तयार करणे हाच मार्ग. ग्रीक उपसर्ग मात्र अगदी ओळखीचा आहे. व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ ही ‘अन्याय’ व ‘अनादर’ यांतील व्यवस्था ग्रीकमध्येही आहे. इंग्रजीत त्या ‘अ’चा उच्चार बरेचदा ‘ए’ होतो, एवढेच. ‘एथिइस्ट’ म्हणजे देव न मानणारा. ‘अ‍ॅनार्की’ म्हणजे शासक नसलेली स्थिती. ‘अ‍ॅनिमिया’ म्हणजे शब्दशः रक्त नसणे.

‘अ‍ॅनिमिया’वरून वैद्यकाकडे वळणे ओघाने आले, कारण शब्दांची फोड न कळण्याची खरी किंमत तेथे मोजावी लागू शकते. ‘हायपर’ म्हणजे प्रमाणाबाहेर वर आणि ‘हायपो’ म्हणजे खाली, कमी. एक ‘उपरि’चा नातलग, दुसरा ‘उप’चा. ‘हायपरग्लायसेमिया’ म्हणजे रक्तातील साखर वाढणे, ‘हायपोग्लायसेमिया’ म्हणजे ती घसरणे. एका अक्षराच्या फरकाने आजारही उलटा होतो आणि उपचारही. थायरॉईडच्या रुग्णांनाही या दोन शब्दांतील भेद ठाऊक असणे अगत्याचे आहे. शेवटी ‘आयटिस’ आला की त्या अवयवाचा दाह समजावा : ‘हेपटायटिस’ म्हणजे यकृताचा, ‘आर्थ्रायटिस’ म्हणजे सांध्याचा. ‘एक्टमी’ आला की तो भाग कापून काढणे. अहवाल वाचून रोगनिदान करू नये, हे खरेच. पण डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येण्याइतके ज्ञान एवढ्याने मिळते.

काही ठिकाणी ही पद्धत फसवते. ‘पेडेस्ट्रियन’मधील ‘पेड’ लॅटिन असून त्याचा अर्थ पाय. आपल्या ‘पद’चा तो नातलग. ‘पेडिआट्रिक्स’मधील ‘पेड’ ग्रीक असून त्याचा अर्थ मूल. मग ‘ऑर्थोपेडिक’ म्हणजे पायांचा डॉक्टर असावा असे वाटते, पण तेथेही मूलच आहे. फ्रेंच वैद्य निकोला आंद्री यांनी १७४१ मध्ये मुलांच्या शरीरातील व्यंगे सरळ करण्याच्या शास्त्राला हे नाव दिले. ‘ऑर्थो’ म्हणजे सरळ. ‘डिसेंट्री’ आणि ‘डिसऑर्डर’ देवनागरीत सारखे दिसतात. पण पहिल्यात ‘वाय’ असलेला ग्रीक ‘डिस्’ आहे, जो आपल्या ‘दुस्’चा भाऊ, आणि दुसऱ्यात ‘आय’ असलेला लॅटिन. ‘मुरगाव पोर्ट’मधील ‘पोर्ट’ हा ‘एक्स्पोर्ट’मधला धातू नव्हे, तो बंदर या अर्थाचा वेगळा लॅटिन शब्द आहे आणि ‘पासपोर्ट’मध्येही तोच आहे. ‘अंकल’मध्ये तर नकारार्थी ‘अन्’ नाहीच.

गोमंतकीयांना आणखी एक वाट मोकळी आहे. पोर्तुगीज ही लॅटिनची थेट कन्या, त्यामुळे घरात वावरणारे काही शब्द इंग्रजी शब्दांचे चुलते निघतात. आपला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला आणि तो लॅटिन ‘पानिस’चा वंशज. ‘कंपॅनियन’ म्हणजे एकत्र पाव खाणारा. ‘कंपनी’ही त्याच घरातली. ‘जनेल’ म्हणजे खिडकी. तिच्या मुळाशी दरवाजा या अर्थाचा ‘यानुआ’ हा लॅटिन शब्द आहे. ‘जॅनिटर’ म्हणजे मूळचा द्वारपाल, तो त्यातूनच आला.

पालकांनी आणि शिक्षकांनी एवढे करावे : वहीत शब्द वर्णक्रमाने न लिहिता धातूच्या नावाने पाने करावीत. एका पानावर ‘फेर’, दुसऱ्यावर ‘पोर्ट’, तिसऱ्यावर ‘स्कोप’. समोर मराठी प्रतिशब्द, आणि तोही फोडून. आठवड्याला दोन धातू पुरेत. तर्काने काढलेला अर्थ मात्र दर वेळी कोशात पडताळावा, विशेषतः ‘इन्’ दिसला की. टँकरवर लिहिलेला ‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द ‘न पेटणारे’ असे सांगत नाही. त्यातील ‘इन्’ नकाराचा नसून ‘आत’ या अर्थाचा आहे आणि शब्दाचा अर्थ ‘सहज पेट घेणारे’ असा आहे. हाच घोटाळा टाळण्यासाठी सुरक्षेच्या फलकांवर आता नुसते ‘फ्लेमेबल’ लिहिण्याकडे कल आहे, तरी जुना शब्द आपल्या रस्त्यांवर अजून दिसतो.