धातूंना जोडणारा सरस

लाकडाला सरस आणि लोखंडाला रिव्हेट, हा कारागिरांचा फार जुना शिरस्ता. सुताराचा सरस लाकडाच्या रंध्रांत शिरतो, तेथें वाळतो आणि दोन फळ्यांना घट्ट धरून ठेवतो. धातूला तशीं रंध्रें नाहींत. शिवाय धातूचा पत्रा डोळ्यांना कितीहि लखलखीत दिसला, तरी त्यावर तेलाचा, हाताच्या घामाचा व हवेनें चढविलेल्या गंजाचा सूक्ष्म थर असतोच. त्यावर लावलेला सरस धातूला धरीत नाहीं, त्या थराला धरतो. आणि थर सुटला कीं सांधाहि सुटतो. म्हणून तांबटानें डाख दिला, लोहारानें रिव्हेट ठोकली, पुढें वेल्डिंग आलें. धातूवर धातु नुसता चिकटवावा आणि त्या सांध्यावर माणसांचे जीव सोंपवावे, ही कल्पना विसाव्या शतकाचीं पहिलीं तीन दशकें उलटेपर्यंत फारशी कोणी मनावर घेतली नव्हती.

ती मनावर घेणारे नॉर्मन डी ब्रुइन हे १९०४ सालीं दक्षिण अमेरिकेच्या टोंकाजवळ, चिली देशांतील पुन्ता अरेनास येथें जन्मले. वडील डच, आई इंग्रज. पुढें ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले. विमान उडविण्यास शिकल्यावर त्यांना विमान बांधण्याचाहि नाद लागला, आणि त्यांनीं आंखलेलें 'स्नार्क' नांवाचें प्लायवूडच्या कवचाचें चार आसनी विमान १९३४ सालीं आकाशांत गेलें. तशा जातीचें दुसरें विमान मात्र कधींच बांधलें गेलें नाहीं. परंतु या उद्योगांत लाकूड चिकटवितां चिकटवितां त्यांचें लक्ष विमानावरून सरसावर गेलें, आणि केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथें त्यांनीं काढलेली 'एरो रिसर्च' ही कंपनी विमानांपेक्षां सरसासाठींच प्रसिद्धीस आली. १९३७ सालीं तेथें 'एरोलाइट' तयार झाला. जनावरांच्या हाडांचा किंवा दुधांतील केसीनचा सरस दमट हवेंत कुजतो. हा रासायनिक सरस कुजत नसे.

दमट हवेचा हा प्रश्न हिंदुस्थानांत फार कडक रीतीनें पुढें आला. दुसऱ्या महायुद्धांतील 'मॉस्किटो' हें लाकडी विमान सर्वस्वीं सरसावर उभें होतें. १९४४ च्या अखेरीस हिंदुस्थान व ब्रह्मदेश या आघाडीवर अशा कांहीं विमानांचे पंख हवेंत निखळले, वैमानिक मेले, आणि तीं विमानें जमिनीवर खिळवून ठेवण्यांत आलीं. पहिला ठपका साहजिकच येथील उष्म्यावर व सरसावर आला. तपासाअंतीं मुख्य दोष निघाला तो बांधणीचा: पंखाच्या कांहीं सांध्यांत लांकडांचे पृष्ठभाग एकमेकांस नीट भिडलेच नव्हते. सरसावर चटकन् आळ घेतला जातो. सांधा कोणी व कसा केला, हें मागाहून विचारलें जातें.

दरम्यान १९४१ सालीं डी ब्रुइन व त्यांचे सहकारी जॉर्ज न्यूएल यांनीं धातूसाठीं नवा सरस सिद्ध केला होता. 'रिसर्च' मधलें 'रि' आणि डक्सफर्ड मधलें 'डक्स' घेऊन त्याचें नांव पडलें रिडक्स. त्याची युक्ति मोठी मार्मिक आहे. त्यांतील एक घटक म्हणजे फेनॉल व फॉर्माल्डिहाइड यांची पातळ राळ, अर्थात् विजेच्या बटणांतून घरोघरीं पोंचलेल्या बेकेलाइटचीच बहीण. ही राळ धातूला उत्तम धरते, पण वाळल्यावर कांचेसारखी ठिसूळ होते. दुसरा घटक पॉलिव्हिनिल फॉर्मल या प्लॅस्टिकची भुकटी. ती चिवट, पण एकटी कामाची नाहीं. पत्र्याला राळ फांसावी, तिच्यावर भुकटी भुरभुरावी, उरलेली झाडून टाकावी, दोन पत्रे एकावर एक ठेवून सुमारें १५० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत दाबावे. तापतांना राळेंतून पाण्याची वाफ निघते आणि दाब नसेल तर सांध्यांत फोड येतात. म्हणून हें काम हातानें होत नाहीं, त्याला मोठा प्रेस लागतो. पहिला उपयोग झाला तो चर्चिल व क्रॉमवेल या रणगाड्यांच्या क्लचमध्यें, घर्षणाचें अस्तर पोलादी चकतीवर बसविण्यासाठीं.

तरीहि खरें गिऱ्हाईक विमानच. रिव्हेट म्हटली कीं भोंक आलें, आणि पत्र्यावरचा ताण भोंकाच्या कडेशीं गोळा होतो. एकदां दिलेला भार पत्रा सोसतो. तोच भार हजारों वेळां आला कीं कडेला बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते. चिकटविलेल्या सांध्यांत भोंक नसतें व ताण सगळ्या रुंदीवर पसरतो. मात्र सरसाचा एक स्वभाव आंखणी करणाऱ्यानें जाणला पाहिजे. दोन पत्रे एकमेकांवरून सरकवूं पाहणारा जोर तो भक्कमपणें अडवितो. कोपऱ्यापासून सोलूं पाहणाऱ्या जोरापुढें तो नमतो. पाकिटावरचें तिकीट सरकत नाहीं, कोपरा नखांत सांपडला कीं उठून येतें, तसेंच हें.

जुलै १९४४ मध्यें प्रथम उडालेल्या डी हॅविलंड कंपनीच्या 'हॉर्नेट' विमानांत रिडक्सनें लाकडाला अ‍ॅल्युमिनियम जोडलें; १९४५ च्या 'डव्ह' विमानांत धातूला धातु. त्यानंतर १९४९ सालीं आलेल्या 'कॉमेट' या पहिल्या जेट प्रवासी विमानांत कवचाच्या आंतील पट्ट्या रिडक्सनेंच बसविल्या होत्या. १९५४ च्या जानेवारींत व एप्रिलांत दोन कॉमेट विमानें भूमध्य समुद्रावर हवेंतच फुटलीं, तेव्हां नव्या सरसाविषयीं शंका येणें स्वाभाविक होतें. फार्नबरो येथें एक अखंड विमान पाण्याच्या हौदांत ठेवून पुन्हां पुन्हां दाब देण्यांत आला. कवच फाटलें तें झरोक्याच्या कोपऱ्याशीं. आणि समुद्रांतून काढलेल्या अवशेषांतहि चिरेचा उगम तेथील भोंकाशींच सांपडला. सरस निर्दोष ठरला. हॉलंडच्या फोकर कंपनीनें हीच विद्या पुढें नेली; तिचें 'फ्रेंडशिप' विमान, ज्यांतून इंडियन एअरलाइन्सच्या अनेक प्रवाशांनीं प्रवास केला, फार मोठ्या प्रमाणावर चिकटवून बांधलेलें होतें.

येथेंच गोष्ट संपती तर ती यशाचीच गोष्ट झाली असती. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांत अलोहा कंपनीचें बोइंग ७३७ विमान सुमारें २४ हजार फुटांवर असतां त्याच्या छताचा जवळजवळ १८ फूट लांबीचा भाग उडून गेला. एक विमानसेविका त्याबरोबर गेली. विमान कसेंबसें माउइ बेटावर उतरविण्यांत आलें म्हणून बाकीचे वांचले. चढतांना एका प्रवासी स्त्रीला कवचावर चीर दिसली होती. ती कोणास बोलली नाहीं.

या विमानांत कवचाचे पत्रे एकावर एक ठेवून सरस व रिव्हेटी, दोन्हींनीं जोडले होते. हा सरस तापविल्याशिवाय घट्ट होणाऱ्या जातीचा. म्हणून त्याची पट्टी वापरण्याच्या क्षणापर्यंत अति थंड ठेवावी लागे, आणि थंड वस्तु बाहेर काढली कीं तिच्यावर दंव धरतें. पृष्ठभाग नीट सिद्ध केला नसेल किंवा ओलावा राहिला असेल, तर सांधा आरंभापासूनच कच्चा. समुद्राच्या खाऱ्या हवेंत ओल आंत शिरली, गंज धरला, पत्रे सुटले. मग सगळा भार रिव्हेटींच्या भोंकांवर आला आणि सुमारें ९० हजार उड्डाणांत तेथें चिरा पडत गेल्या. ज्या भोंकांच्या भयानें सरस आणला, त्यांनींच शेवटीं घात केला. बोइंगनें ही थंड पद्धति १९७२ सालींच सोडून दिली होती, पण आधीं बांधलेलीं विमानें उडतच होतीं.

रिव्हेट सैल झाली तर डोळ्यांना दिसते, वेल्डिंगमधील पोकळी क्ष-किरणांत उमटते. चिकटविलेल्या सांध्यांतील पोकळीहि ध्वनिलहरींनीं शोधतां येते. परंतु सरस धातूला नुसता टेकला आहे कीं खरोखर धरून आहे, हें सांधा मोडल्याखेरीज खात्रीनें सांगणारें यंत्र अजून नाहीं. त्यामुळें विमानाच्या कारखान्यांत प्रत्येक घाण्याबरोबर त्याच अ‍ॅसिडांतून काढलेल्या, त्याच सरसानें जोडलेल्या नमुन्याच्या पट्ट्या तयार करतात आणि त्या मुद्दाम ओढून फाडतात. त्याहून सोपी परीक्षा सरस लावण्याआधींची. धुतलेला पत्रा पाण्यांतून काढून उभा धरतात. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर पत्रा निर्मळ. त्याचे थेंब होऊन तो कोठें तुटला, तर तेथें तेल आहे असें समजून पत्रा पुन्हां हौदांत जातो.