कवचधारी जलचरांचे व्हायरस-दूषण

कालव, तिसरी, शिनाणे यांसारख्या दोन शिंपांच्या मृदुकाय प्राण्यांच्या शरीरात मानवी आतड्यातून बाहेर पडलेले व्हायरस साचणे व अन्नावाटे ते पुन्हा माणसाच्या पोटात जाणे, यास ही संज्ञा लावतात. हे प्राणी तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळून त्यातील कण खातात. पाण्यात वाहितमल मिसळलेले असल्यास त्यातील व्हायरस त्यांच्या पचन तंत्रात कितीतरी पटींनी एकवटतात. या प्राण्यांत ते वाढत नाहीत व त्यांना अपायही करीत नाहीत. त्यामुळे दूषित कालव रूपाने, वासाने व चवीने निर्दोषच असते.

धोक्याची पहिली जाणीव मात्र सूक्ष्मजंतूंमुळे झाली. १० नोव्हेंबर १९०२ रोजी इंग्लंडमधील विंचेस्टर व साउथॅम्प्टन येथील मेजवान्यांत एम्सवर्थची कालवे वाढण्यात आली. पाहुण्यांत आंत्रज्वर (टायफॉइड) उद्‌भवला व विंचेस्टरचे डीन त्यात मरण पावले. अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात कालवांमुळे आंत्रज्वराचे सु. १,५०० रुग्ण झाले आणि सु. १५० दगावले. त्यानंतर तेथे जलक्षेत्रांची तपासणी व प्रमाणपत्रे यांची पद्धत सुरू झाली. पाण्यातील कोलाय गटाचे सूक्ष्मजंतू मोजणे आणि कालवे स्वच्छ पाण्यात ठेवून त्यांची आतडी धुऊन निघू देणे, हे या व्यवस्थेचे दोन आधार होत. आंत्रज्वरापुरते ते यशस्वी ठरले. पण त्या यशामुळेच त्यांवर वाजवीपेक्षा अधिक विश्वास बसला, असे म्हणावे लागते.

स्वीडनमध्ये १९५५-५६ मध्ये कालवे खाल्ल्याने यकृतशोथाचे ६२९ रुग्ण आढळले. यकृतशोथ-ए या विकारात संसर्गानंतर कावीळ दिसण्यास सरासरी चार आठवडे लागतात. तोवर दोषी अन्न संपलेले व विस्मरणातही गेलेले असते, म्हणून असा संबंध जोडणे अवघड असते. हा व्हायरस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून प्रथम १९७३ मध्ये दिसला.

ऑस्ट्रेलियात १९७८ मध्ये जॉर्जेस नदीतील कालवांमुळे नॉरवॉक व्हायरसजन्य वांत्या व अतिसार यांचे २,००० हून अधिक रुग्ण झाले. त्यानंतर शुद्ध केलेली कालवे स्वयंसेवकांना खाऊ घालण्यात आली, तेव्हा त्यांतीलही काहींना तोच विकार जडला. सूक्ष्मजंतू एकदोन दिवसांत धुऊन जातात, व्हायरस मात्र आठवडेच्या आठवडे टिकतात. नॉरवॉक गटाचे (नोरोव्हायरस) कण कालवाच्या पचन ग्रंथीतील विशिष्ट शर्करायुक्त संयुगांना चिकटून बसतात, हे पुढे २००६ च्या सुमारास उलगडले. अर्थात कोलाय-मुक्त कालव व्हायरस-मुक्त असेलच, असे नव्हे.

सर्वांत मोठी साथ १९८८ च्या प्रारंभी शांघायमध्ये आली. जिआंग्सू प्रांतातील चीडुंगच्या किनाऱ्यावरून आलेले अनाडारा प्रजातीचे शिंपले तेथे नुसते उकळत्या पाण्यात बुडवून, जवळजवळ कच्चेच खाण्याची रीत होती. जानेवारी ते मार्चमध्ये यकृतशोथ-एचे सु. २,९२,००० रुग्ण नोंदले गेले. शिंपल्यांतही तो व्हायरस सापडला.

कोकण व गोवा येथे तिसऱ्या व कालवे बहुधा शिजवूनच खातात. तथापि शिंप उघडली म्हणजे मांस शिजले, हा समज चुकीचा आहे. मांस पुरेसे तापण्यापूर्वीच शिंपा उघडतात. ब्रिटनमध्ये व्यापारी उत्पादनासाठी मांसाचे आतील तापमान ९०° से. वर ९० सेकंद राखण्याची शिफारस करण्यात आली, ती याच कारणाने.