बऱ्हाणपूरची घरची शेती

बऱ्हाणपूर म्हटले की असीरगड, फारुकी सुलतान व मोगलांची दक्षिणेतील छावणी यांचेच स्मरण होते. बेगम मुमताजमहल 1631 साली तेथेच निवर्तली, हेही सर्वश्रुत आहे. परंतु तापीकाठच्या ज्या शेतकरी घराण्यांनी त्या शहरास धान्य व कापूस पुरविला, त्यांची दखल बखरकारांनी फारशी घेतलेली दिसत नाही. बादशहाच्या अधिकाऱ्यांनी 1615 च्या सुमारास सातपुड्यातील पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणले. कुंडी भंडारा या नावाने ते अद्याप प्रसिद्ध आहे. शेतकऱ्यास मात्र स्वतःची विहीर व स्वतःची मोट यांचाच आधार होता.

1760 त उदगीरच्या विजयानंतर हा प्रदेश मराठ्यांकडे आला व पुढे शिंद्यांच्या अंमलाखाली गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फौजांच्या स्वाऱ्या व पेंढाऱ्यांची लूट यांनी निमाड उजाड झाला. इंग्रजांकडे बऱ्हाणपूर आले ते 1860 साली, आणि लगेच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला अपूर्व भाव आला. पाठोपाठ आगगाडी आली. ज्वारी ही घरासाठी व कापूस बाजारासाठी, अशी विभागणी तेव्हापासून दृढ झाली. 1899-1900 च्या दुष्काळाने मात्र केवळ भावावर विसंबणाऱ्यांची दैना केली.

आपल्याकडे पुष्कळशी शेते गांवकरीची, म्हणजे कोमुनिदादची, व ती पावणीने लागवडीस दिली जात; त्यामुळे निमाडातील व्यवस्था आपणांस निराळी वाटेल. तेथे मालगुजारी 1951 त संपुष्टात आली आणि शेती व कुटुंब यांचे नाते कायद्यानेही मान्य केले. कमाल जमीनधारणेची मर्यादासुद्धा पुढे कुटुंब हेच माप धरून ठरविण्यात आली.

तथापि कुटुंब वाढते, जमीन वाढत नाही. भावाभावांत शेताचे बांध पडतात. विहीर कशी तोडणार? ती सामाईक राहते व पाण्याच्या पाळ्या लागतात. वाटणीत जमिनीपेक्षा पाळीवरून अधिक कलह होतात, याचे नवल वाटू नये. (देवस्थानच्या महाजनांस सामाईक हक्काचे मर्म निराळे सांगावयास नको.) केळीने तर पाण्याचे मोल फारच वाढविले. आज बऱ्हाणपूर जिल्ह्याचे, जो 15 ऑगस्ट 2003 रोजी पूर्व निमाडातून वेगळा झाला, केळी हेच प्रमुख पीक आहे. पाच फूट अंतराने लावल्यास एकरी सुमारे 1700 झाडे बसतात, आणि वर्षभर त्यांना पाणी तुटून चालत नाही. ठिबक सिंचनाने पाणी वाचते खरे, पण पाणीच खोल गेले तर नळ्या काय करणार? विहिरीवरून कूपनलिकेवर जाणाऱ्या भावाने शेजारच्या भावाचे पाणी ओढले, असा तंटा केवळ निमाडातच होतो असे नाही. शिवाय मे-जूनमधील एखादे वादळ वर्षाची मेहनत तासाभरात आडवी करते. लागवड, पिले काढणे, खत देणे यांत घरची माणसे राबतात. घड कापणीस टोळी येते. स्त्रियांचे श्रम यांत किती, हे बांधावर उभे राहिल्यावरच कळते.

त्या स्त्रियांच्या हक्काची गोष्ट मात्र उशिरा आली. गोव्यात 1870 पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगा व मुलगी यांस वारशात समान मानले. व्यवहारात बहिणींनी किती वेळा हक्क सोडला, हे आपण सर्व जाणतो. निमाडातील हिंदु एकत्र कुटुंबात मुलीस जन्मतः वाटा मिळाला तो 2005 च्या दुरुस्तीने. खकनार व नेपानगरच्या डोंगराळ भागातील कोरकू, भिल्ल, बारेला कुटुंबांस 2006 च्या वनाधिकार कायद्याचा मार्ग आहे. त्याखाली विवाहित जोडप्याचा पट्टा पती-पत्नी या दोघांच्या नावे होतो. तो वारसांकडे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. सावकाराच्या वहीत जमीन जिरण्याची जुनी वाट निदान तेवढ्या शेतांपुरती कायद्याने बंद केली आहे.