स्वस्त संगणकाची रिकामी खाच

आयबीएमने १९८१ साली पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डवर जादा कार्डांसाठी पाच खाचा होत्या. ज्याला जे लागेल त्याचे कार्ड त्यात बसवायचे. अख्खा संगणक मोडीत न काढता एखादाच भाग बदलून काम भागवण्याची सोय या रचनेने करून दिली. तिचा सर्वाधिक फायदा पुढे खेळणाऱ्यांनी उठवला. खेळ दरवर्षी जड होत गेले, घरचा संगणक मात्र तोच राहिला.

१९९६ मध्ये ‘क्वेक’ हा खेळ आला. त्याचे त्रिमितीय चित्र उभे करण्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडे. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीची व्हूडू चिप आली. त्या सुमारास मेमरीचे भाव कोसळले होते, म्हणून असे कार्ड घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आले. ते फक्त त्रिमितीय काम करी, त्यामुळे जुने कार्ड काढायचे नसे. त्याची केबल व्हूडूत आणि व्हूडूची मॉनिटरला, अशी साखळी जोडली की झाले.

दुसरी युक्ती तर जवळपास फुकटातली. इंटेलने १९९८ मध्ये आणलेला पहिला सेलेरॉन एलटू कॅशविना होता, म्हणून रडतखडत चाले. त्याच वर्षीच्या सेलेरॉन ३००ए मध्ये १२८ केबी कॅश चिपच्या पोटातच बसवली होती. त्याची बस ६६ मेगाहर्ट्‌झची. ती १०० केली की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झवर धावू लागे. ज्या मदरबोर्डवर बस बदलायची सोय नसे, तिथे प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी२१ या पिनेवर चिकटपट्टीचा इवलासा तुकडा लावला जाई. ती पिन झाकली गेली, की मदरबोर्ड हा प्रोसेसर १०० च्या बसचाच समजे.

यानंतर मात्र स्वस्त संगणकातून खाचच काढून घेतली गेली. ग्राफिक्ससाठीची एजीपी खाच १९९७ पासून रूढ होत होती. पण १९९९ च्या इंटेल ८१० चिपसेटमध्ये आणि पुढे ८४५जीव्हीमध्ये ग्राफिक्स ऑनबोर्ड आले नि एजीपीला फाटा मिळाला. ऑनबोर्ड ग्राफिक्स मेमरीही मुख्य रॅममधूनच उसनी घेई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ‘ग्राफिक्स कार्ड हवंय’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी ‘बोर्ड कोणता?’ हे सांगावे लागे, ते यामुळे. एजीपी नसेल तर पीसीआय खाचेतले हळू कार्ड, नाहीतर रॅम वाढवून समाधान. नावांचाही घोळ होताच. २००२ चे जीफोर्स ४ एमएक्स नावाने चौथ्या पिढीचे, पण पिक्सेल शेडर त्यात नव्हते. त्यामुळे जीफोर्स ३ वर चालणारे काही खेळ त्यावर सुरूच होत नसत. हे नामकरण ग्राहकाची दिशाभूल करणारेच होते.

२००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस आली आणि खाचेचा प्रश्न बराचसा मिटला. आता अडचण विजेची झाली. ग्राफिक्सच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर ती बहुधा नसते, आणि लेबलवरच्या वॅटच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते. म्हणून २०१४ चे जीटीएक्स ७५० टीआय हे या इतिहासातले महत्त्वाचे कार्ड. ६० वॅटमध्ये भागत असल्याने त्याला मूळ रचनेत वेगळ्या वायरीची गरज नव्हती. कार्यालयांतून निघालेले सेकंडहँड संगणक त्याच्या बळावर खेळायला उभे राहिले. सडपातळ कॅबिनेटला तेवढे अर्ध्या उंचीचे कार्ड शोधावे लागे. याच दशकात स्वस्त झालेल्या एसएसडीने खेळ उघडायला लागणारा वेळ घटवला. फ्रेम मात्र त्याने फारशा वाढत नाहीत.

प्रोसेसरच्या सॉकेटने मात्र अनेकदा वाट अडवली. इंटेलचे सॉकेट दोन-तीन वर्षांत बदले, म्हणजे प्रोसेसरबरोबर मदरबोर्डही गेला. एएमडीचे एएम४ त्याला अपवाद ठरले. २०१७ च्या कित्येक मदरबोर्डांवर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी चालू शकला, तेही त्याच रॅमवर. त्यासाठी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करावा लागे. १६ एमबीच्या बायोस चिपमध्ये साऱ्या पिढ्या मावत नसल्याने काही मदरबोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांची नावे वगळली गेली.